भावनेचा तराजू व गरिबाची जीभ



कचेरीच्या भिंतीवर लागलेला जमावबंदीचा कागद तुम्ही सर्वांनी पाहिला आहे. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत पाच किंवा पाचांहून अधिक माणसांनी जमू नये, घोषणा देऊ नयेत, मोर्चा काढू नये, असा त्याचा मजकूर असतो. हा कागद कोणाला अडवितो याचा हिशेब आज मांडू या. व्यापाऱ्यांना एकत्र बसून कांद्याचा भाव पाडावयाचा असेल तर तो त्यांना अडवीत नाही. त्यांची बैठक बंद खोलीत होते. पुढाऱ्यास मंत्र्याच्या कानी काही घालावयाचे असेल तर त्यास मोर्चा लागत नाही. त्याला फोन पुरतो. कागद अडवितो तो भाव का पडला हे विचारावयास निघालेल्या शेतकऱ्यास, मजुरी का थकली हे विचारणाऱ्या विणकरास, आणि धरणाखाली जमीन जाऊन वर्षे लोटली तरी बदली जमीन का मिळाली नाही हे विचारणाऱ्या म्हातारीस. ज्याच्यापाशी पैसा आहे त्याचा पैसा बोलतो. ज्याच्यापाशी अधिकार आहे त्याची सही बोलते. ज्याच्यापाशी यांतले काहीच नाही, त्याच्यापाशी फक्त तोंड असते; आणि एकट्याचे तोंड कोणी ऐकत नाही म्हणून त्यास शंभर तोंडे गोळा करावी लागतात. तेव्हा भाषणस्वातंत्र्य ही शहरातल्या शिकलेल्यांची चैन आहे, आम्हां नांगरधाऱ्यांस त्याचे काय, असे जो म्हणतो तो एक तर भोळा आहे, नाही तर लबाड आहे.

यावर लागलीच प्रश्न येतो की, मग बोलण्यास काही मर्यादा असावी की नाही? असावी. मर्यादाच नको असे आमचे म्हणणे नाही. वाद आहे तो मर्यादेची रेघ कोठे ओढावी याचा. सरकार, भिक्षुक आणि जातीजातींचे पुढारी म्हणतात की, रेघ भावनेपाशी ओढा. कोणाचे मन दुखले की बोलणाऱ्यास धरा. आमचे म्हणणे असे की, रेघ हातापाशी ओढा. जो हात उगारतो त्यास धरा, आणि आता उगारा असे जो जमावास सांगतो त्यासही धरा. पण नुसत्या शब्दाने कोणाचे मन दुखले, एवढ्यावरून कोणाच्या जिभेस बेडी घालू नका. असे का म्हणतो, ते पुढे वाचा.

जुना तराजू

बोलण्याच्या गुन्ह्याचा कायदा या देशात इंग्रजाने आणला असे पुष्कळांस वाटते. तो त्याच्या पुष्कळ आधीचा आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात निंदेच्या दंडाचे कोष्टकच दिलेले आहे. क्षत्रियाने ब्राह्मणास वाईट बोलल्यास दंड १०० पण; वैश्याने बोलल्यास दीडशे किंवा दोनशे; आणि शूद्राने बोलल्यास दंड नाही, त्याच्या देहासच शिक्षा. उलट ब्राह्मणाने क्षत्रियास वाईट बोलल्यास ५० पण, वैश्यास बोलल्यास २५ आणि शूद्रास बोलल्यास अवघे १२ पण! गौतमाच्या धर्मसूत्रात तर वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानांत तापवलेला रस ओतावा आणि वेद म्हणणाऱ्याची जीभ छाटावी, येथवर मजल गेली आहे.

हे कोष्टक नीट पाहा. त्यात शब्द खरा की खोटा हे पाहिलेले नाही. शब्दाने कोणाचे डोके फुटले काय, घर जळले काय, हेही पाहिलेले नाही. पाहिले आहे ते एवढेच की, बोलणारा कोण आणि ज्याला लागले तो कोण. वरच्याचे मन फार नाजूक, म्हणून त्याची किंमत शंभर पण आणि वर देहदंड. खालच्याचे मन दगडाचे, म्हणून त्याची किंमत बारा पण. भावना मोजणाऱ्या कायद्याची ही मूळ खोड आहे. भावना मोजावयाच्या म्हटल्या की कोणाच्या भावना, हा प्रश्न आलाच. आणि त्या प्रश्नाचे उत्तर ज्याच्या हाती काठी असते तोच देतो.

हा तराजू २६ जानेवारी १९५० रोजी घटनेने कायद्यापुरता मोडला. कायद्यापुढे सर्व समान झाले. १९ व्या कलमाने प्रत्येक नागरिकास बोलण्याचा आणि शस्त्रांवाचून शांतपणे जमण्याचा हक्क मिळाला. पण घराच्या ओटीवरून खाली उतरविलेला तराजू माजघरात कसा शिल्लक राहिला, तेही पाहिले पाहिजे.

मन दुखविल्याचा गुन्हा

१९२७ साली इंग्रज सरकारने दंडविधानात २९५ अ हे कलम घातले. एखाद्या वर्गाच्या धर्माचा बुद्ध्या व दुष्ट हेतूने अपमान करणे हा गुन्हा ठरला. इंग्रज गेला, कलम राहिले. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय न्याय संहिता सुरू झाली, तीत हेच कलम २९९ या आकड्याने नांदत आहे. हेतू दुष्ट असला पाहिजे असे कलमात लिहिले आहे खरे. पण आधी अटक होते आणि हेतूचा विचार वर्षांमागून होतो. गरिबाच्या बाबतीत तेवढ्यात त्याची नोकरी जाते, दुकान बसते आणि वकिलाच्या फीत बैलजोडी विकली जाते.

आता मनाशी एक विचार करा. जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' छापली ती १८७३ साली. तीत दशावतारांच्या कथांची जी चिरफाड आहे, ती वाचून त्या वेळी किती जणांची मने दुखली असतील! ते कलम १८७३ सालीच असते तर 'गुलामगिरी' जप्त झाली असती, जोतीराव तुरुंगात गेले असते आणि तुमचा-आमचा खापरपणजा होता तेथेच पाणी भरीत राहिला असता. डॉ. आंबेडकरांचा 'रिडल्स इन हिंदुइझम' हा ग्रंथ महाराष्ट्र सरकारने १९८७ साली छापला, तेव्हा राम-कृष्णांवरचे प्रकरण काढून टाका अशी ओरड झाली. उलट बाजूने मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. अखेर प्रकरण राहिले, आणि त्यातील मतांशी सरकार सहमत नाही अशी टीप जोडली गेली. पुस्तक वाचले ते टीप लिहून, जाळून नव्हे. ज्यांना मजकूर पटला नाही त्यांना प्रतिपुस्तक लिहिण्यास कोणी अडविले होते?

खालच्या माणसाचा प्रत्येक मोठा ग्रंथ वरच्याच्या भावनेवर पाय ठेवूनच लिहिला गेलेला आहे. त्यास दुसरी वाटच नव्हती. कारण ज्यास वरचा माणूस आपली श्रद्धा म्हणतो, त्यातच खालच्याची बेडी घडवलेली होती. तेव्हा भावना दुखविणे हाच गुन्हा ठरविला, तर बेडी तोडणे हाही गुन्हा ठरतो.

जामीन आणि फिर्याद

आता आमच्याच इतिहासातील दोन खटले शेजारी शेजारी ठेवतो.

पहिला १८८२ चा. कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्यावर 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांनी टीका केली. बदनामीचा खटला झाला. टिळक व आगरकर या दोघांस चार महिन्यांची शिक्षा होऊन त्यांनी १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढले. या खटल्यात त्यांना जामीन हवा होता दहा हजार रुपयांचा. त्या काळचे दहा हजार! तो जामीन कोण राहिला? रामशेट उरवणे. जोतीरावांचे स्नेही, सत्यशोधक मंडळींतले गृहस्थ. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत जोतीरावांच्या भाषेची टवाळी केली होती आणि टिळक-आगरकर हे त्याच चिपळूणकरांचे सहकारी होते, हे रामशेटांस ठाऊक नव्हते काय? होते. तरीही विरुद्ध मताच्या माणसाची जीभ तुरुंगात जाऊ लागली तेव्हा सत्यशोधकाने आपली थैली पुढे केली.

दुसरा खटला १९२६ चा. दिनकरराव जवळकर यांनी १९२५ साली 'देशाचे दुश्मन' हे पुस्तक लिहिले आणि केशवराव जेधे यांनी ते प्रसिद्ध केले. त्यात टिळक व चिपळूणकर यांच्यावर जळजळीत टीका होती. भाषा कडू होती, काही ठिकाणी शिवराळही होती, हे आम्ही लपवीत नाही. फिर्याद झाली, पुण्याच्या खालच्या कोर्टाने लेखक-प्रकाशकांस तुरुंगाची शिक्षा दिली. वरच्या कोर्टात त्यांचा बचाव करण्यास उभे राहिले डॉ. भीमराव आंबेडकर आणि सर्व आरोपी सुटले. ज्या टिळकांनी १८९७ साली अठरा महिने आणि १९०८ साली सहा वर्षे, अशा राजद्रोहाच्या शिक्षा लेखणीपायीच भोगल्या, त्यांच्या नावाचा कैवार घेऊन दुसऱ्याच्या लेखणीस तुरुंग दाखविण्यात आला. ही गोष्ट त्या थोर कैद्याच्या इभ्रतीस शोभणारी होती काय, हे त्यांच्या अभिमान्यांनीच सांगावे.

एका बाजूने विरोधकासाठी जामीन. दुसऱ्या बाजूने विरोधकावर फिर्याद. आम्ही यातून जातीचा मोठेपणा काढीत नाही. कोणत्याही जातीत दोन्ही प्रकारची माणसे निपजतात, आणि महाडच्या परिषदेत मनुस्मृतीच्या निषेधाचा ठराव मांडणारे सहस्रबुद्धे ब्राह्मणच होते. आम्ही काढतो तो धडा असा : आपल्या बाजूच्या माणसासाठी भाषणस्वातंत्र्य कोणीही मागतो. त्याची परीक्षा होते ती ज्याचा शब्द कानास टोचतो त्याच्यासाठी जामीन राहताना. रामशेट त्या परीक्षेस उतरले. आपण उतरतो काय?

आपल्या घरातला केर

बांधवांनो, दुसऱ्याच्या अंगणाकडे बोट दाखवून थांबलो तर हे पत्र तुमचे नव्हे, पुढाऱ्यांचे होईल. म्हणून आपल्या घरातलेही बोललेच पाहिजे.

जोतीरावांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. 'दीनबंधू' हे आपलेच पत्र. त्याने पहिली दोन प्रकरणे छापली आणि पुढची छापण्याचे थांबविले. सरकारी नोकरशाहीवर व भिक्षुकशाहीवर एवढे कडक लिहिणे चालकांस पेलले नाही. कायद्याचा शिपाई दारात आला नव्हता. भीतीचा शिपाई घरातच बसला होता. आजही असे पुष्कळ घडते. जाहिरात जाईल, कारखान्याचा ऊस तुटणार नाही, सोसायटीचे कर्ज अडेल, या धाकाने जेवढी तोंडे बंद आहेत तेवढी कोणत्याही कलमाने बंद केलेली नाहीत.

दुसरी गोष्ट अधिक कडू आहे. जेम्स लेन नावाच्या अमेरिकन पंडिताने शिवछत्रपतींवर इंग्रजीत एक पुस्तक लिहिले. त्यात जिजाऊंविषयी एका हीन कुचेष्टेचा उल्लेख होता. तो वाचून आमच्याही तळपायाची आग मस्तकास गेली. प्रकाशकाने २००३ च्या नोव्हेंबरातच भारतात पुस्तक मागे घेतले होते. तरी ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेत एक जमाव शिरला आणि त्याने कपाटे फोडली, ग्रंथ फेकले, पोथ्यांची नासधूस केली. त्या संस्थेने ते पुस्तक लिहिले नव्हते की छापले नव्हते. लेखकाने तेथे अभ्यास केला होता एवढेच. सरकारने पुस्तकावर बंदी घातली. ती मुंबई उच्च न्यायालयाने २००७ साली रद्द केली आणि २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला.

ज्यांना वाटले की हा बहुजनांचा पराक्रम झाला, त्यांस आमचा सवाल आहे. ज्या पोथ्या आपल्या आजा-पणजास शिवू दिल्या नाहीत, त्या शंभर वर्षांच्या झगड्यानंतर कोठे सर्वांच्या नजरेस पडू लागल्या होत्या. दार उघडले तेव्हा आपण आत जाऊन वाचावयास बसलो काय? नाही, आपण कपाट फोडले! १८६९ साली छत्रपतींचा पोवाडा छापणारे जोतीराव असते तर त्यांनी काय केले असते? त्या कुचेष्टेच्या चिंधड्या उडविणारे पुस्तक चार महिन्यांत छापून काढले असते. खोट्यास मारावयाचे ते पुराव्याने. काठीने मारलेले खोटे मरत नाही. काठी खाल्ली म्हणून ते उलट खरे वाटू लागते.

यावर कोणी विचारील की, २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडास मनुस्मृती जाळली, ते मग काय होते? ते बोलणेच होते. आपल्या हातातला, आपल्या ताब्यातला ग्रंथ चार लोकांदेखत जाळून हा कायदा आम्हांस मान्य नाही असे सांगितले. कोणाचे घर फोडले नाही, कोणाच्या कपाटास हात लावला नाही, कोणास मनुस्मृती वाचण्याची बंदी केली नाही. तेवढेच नव्हे, तळ्यावर जाण्यास कोर्टाने तात्पुरती मनाई केली होती, म्हणून बाबासाहेबांनी त्या वेळचा सत्याग्रहही तहकूब ठेवला, आणि पुढे १९३७ साली उच्च न्यायालयात तळ्याचा हक्क जिंकून घेतला. आपले पुस्तक जाळणे हा शब्द आहे. दुसऱ्याचे ग्रंथालय फोडणे हा हात आहे. आमची रेघ या दोहोंमधून जाते, आणि ती आपल्या माणसांसाठी वाकडी करता येत नाही.

हात कोणते व शब्द कोणते

ही रेघ आम्ही मनाने काढलेली नाही. १९६२ साली बिहारच्या केदारनाथ सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सरकारवर कितीही कडक टीका केली तरी तो राजद्रोह नव्हे. हिंसेस चिथावणी असेल तरच तो गुन्हा. २०१५ साली श्रेया सिंघल खटल्यात त्याच न्यायालयाने चर्चा करणे, मताचा पुरस्कार करणे आणि चिथावणी देणे असे तीन प्रकार वेगळे केले, आणि पहिल्या दोहोंस हात लावू नये असे ठरविले. त्या खटल्यामागे आपल्याच पालघरची गोष्ट होती. २०१२ च्या नोव्हेंबरात बाळासाहेब ठाकरे वारले व शहरे बंद राहिली. हा बंद कशासाठी, असे एका मुलीने फेसबुकावर विचारले. दुसरीने ते आवडल्याची नुसती खूण केली. दोघींस अटक झाली. एकीच्या नातलगाचा दवाखाना जमावाने फोडला. दवाखान्यावर पडला तो हात होता, मुलींनी केला तो प्रश्न होता. आणि कायद्याने आधी प्रश्न विचारणाऱ्यांस धरले. पुढे खटला बंद झाला व माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ते ६६ अ कलम न्यायालयाने रद्द केले. पण अटकेची ती रात्र कोण परत देणार?

आणि खरे हात पाहा. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांस गोळ्या घातल्या. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या. चार दिवसांनी ते गेले. दाभोलकर हुंडी-नवसाच्या नावाने चाललेली लूट सांगत होते. पानसऱ्यांनी 'शिवाजी कोण होता?' हे छोटे पुस्तक लिहून रयतेचा राजा रयतेस समजावून दिला होता. दाभोलकरांच्या खुनाचा निकाल लागून दोघांस जन्मठेप झाली ती मे २०२४ मध्ये, म्हणजे जवळजवळ अकरा वर्षांनी. मन दुखविल्याची फिर्याद रात्रीत दाखल होते आणि विचार सांगणाऱ्याच्या खुनाचा निकाल लागण्यास अकरा वर्षे लागतात. यालाच आम्ही बारा पणांचा न्याय म्हणतो.

कोणी विचारील, मग दलित बांधवास भर चावडीत जातीवरून शिवी दिली तर तोही नुसता शब्दच काय? नव्हे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने तो गुन्हा ठरविला आहे आणि योग्यच ठरविला आहे. चावडीतल्या त्या शिवीमागे सगळा गाव काठी घेऊन उभा असतो. ती मत नसते. तू पायरी ओळखून राहा, नाही तर पाणी बंद, काम बंद, अशी ती धमकी असते. एखाद्या माणसाविषयी जाणूनबुजून खोटे छापून त्याची अब्रू घेणे, त्यासही भरपाई असावी. पण देव, ग्रंथ, राजा, पुढारी, सरकार आणि जातीचा इतिहास यांवर टीका केली म्हणून ज्यास तुरुंग दाखविला जातो, त्याने ना धमकी दिलेली असते, ना कोणा माणसाची अब्रू घेतलेली असते. १८७० चे राजद्रोहाचे कलम मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगित केले; नव्या संहितेत राजद्रोह हा शब्द काढला, पण १५२ वे कलम आणून देशाच्या ऐक्यास धोका या मोघम शब्दांखाली जन्मठेपेपर्यंतची शिक्षा ठेवली. शब्द जितका मोघम तितका तो फौजदाराच्या हाती अधिक धारदार होतो, हे शेतकऱ्यास कोणी समजावून सांगावयास नको. 'सरकारी कामात अडथळा' या शब्दांचा अनुभव त्याने घेतलेला आहे.

रस्ता हे गरिबाचे वर्तमानपत्र

मोर्चाविषयीही तीच रेघ लागू आहे. रस्ता अडतो, लोकांची गैरसोय होते, हे खरे. गैरसोयीस मर्यादा असावी. मार्ग ठरवावा, वेळ ठरवावी, दवाखान्याची गाडी सोडावी. हिंमतलाल शहा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले की, सार्वजनिक रस्त्यावरील सभेस सरकार शिस्त लावू शकते, पण ती सरसकट बंद करू शकत नाही. जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन खटल्यात आणखी बजावले की, जमावबंदीचा हुकूम लोकांपुढे प्रसिद्ध झाला पाहिजे, न्याय्य मतप्रदर्शन दडपण्यासाठी तो वापरता येत नाही, आणि तेच ते हुकूम पुन्हा पुन्हा काढणे हा अधिकाराचा गैरवापर आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमाखालील मनाईसही राज्य सरकारच्या मंजुरीवाचून पंधरा दिवसांहून अधिक आयुष्य नाही. तरी अनेक जिल्ह्यांत पहिला कागद संपतो त्या दिवशी दुसरा चिकटतो. मुदत असलेला हुकूम असा वर्षभर चालविला, तर त्यास मुदत आहे असे म्हणावे कसे?

आणि शेतकऱ्याच्या मोर्चास शिस्त शिकविणाऱ्यांनी मार्च २०१८ आठवावा. नाशिकाहून हजारो शेतकरी व आदिवासी बायामाणसे पायी निघाली. सहा दिवस चालून, पायांचे तळवे सोलवटलेले, ती मुंबईच्या वेशीवर आली. दुसऱ्या दिवशी दहावीची परीक्षा होती. परक्यांच्या पोरांचा पेपर चुकू नये म्हणून ती थकलेली माणसे झोप न घेता रात्रीतून आझाद मैदानावर पोहोचली. कोणत्या कलमाने त्यांस हे करावयास लावले? १० जानेवारी १९३८ रोजी खोती मोडावी म्हणून कोकणातली कुळे याच मुंबईत बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मोर्चाने आली होती, त्याच घराण्यातली ही माणसे.

दिल्लीच्या वेशीवर २६ नोव्हेंबर २०२० पासून शेतकरी एक वर्षाहून अधिक काळ थंडीपावसात बसले. त्यांस कोणी खलिस्तानी म्हटले, कोणी आंदोलनजीवी म्हटले. २६ जानेवारी २०२१ रोजी लाल किल्ल्यावर जो धिंगाणा झाला त्याचे आम्ही समर्थन करीत नाही. त्या एका दिवसाच्या हाताने कित्येक महिन्यांच्या शब्दावर शिंतोडे उडाले. पण बाकीचे शेतकरी बसून राहिले, बोलत राहिले, आणि १९ नोव्हेंबर २०२१ रोजी तिन्ही कायदे मागे घेत असल्याचे पंतप्रधानांनी जाहीर केले. बोलून काय होते असे विचारणाऱ्यास हे उत्तर पुरे आहे.

२०२५ च्या ऑगस्टअखेर मराठा आरक्षणासाठी आझाद मैदानावर उपोषण झाले. परवानगी पाच हजार माणसांची. आली त्याहून कितीतरी अधिक. आणि मैदानाबाहेरचे रस्ते मोकळे करा असे उच्च न्यायालयास सांगावे लागले. मैदानाचा हक्क मराठ्यांना आहेच. पण त्या मागणीविरुद्ध बोलणाऱ्या ओबीसी बांधवासही त्याच मैदानाचा तेवढाच हक्क आहे. गावात एका बांधावर राहणारी ही दोन्ही घरे एकमेकांची सभा उधळू लागली, तर दोघांच्याही सभा बंद करण्यास सरकारला निमित्त मिळेल. मैदान दोघांचेही जाईल आणि कागद तेवढा भिंतीवर राहील.

तेव्हा करावयाचे काय?

पहिली गोष्ट : जमावबंदीचा हुकूम तोंडी मानू नका. लेखी प्रत मागा, कोणत्या कलमाखाली आहे, कोणत्या तारखेस संपतो हे वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीकडून वाचून घ्या. दुसरी : मोर्चात जो दगड उचलील त्यास तुम्हीच आधी धरा, त्याचा एक दगड तुमच्या हजार शब्दांचा घात करतो. तिसरी : ग्रामसभेत बोला, ठराव लिहवून घ्या, सही करा, तेथे तुमच्या तोंडास कोणाची परवानगी लागत नाही. चौथी, आणि हीच सर्वांत अवघड : तुमच्या जातीवर, तुमच्या देवावर, तुमच्या आवडत्या पुढाऱ्यावर कोणी कठोर बोलला तर काठी घेऊन त्याच्या दारी जाऊ नका. खोटे असेल तर खोडून काढा, खरे असेल तर पचवा. आणि त्यास पोलिसांनी नुसत्या शब्दापायी उचलले, तर रामशेट उरवण्यांचे नाव आठवून त्याच्या जामिनास जा.

मनूच्या तराजूत आपल्या मनाची किंमत बारा पण होती. ती वाढवून शंभर करा, अशी मागणी करणारे पुढारी आज जागोजागी भेटतात. त्यांच्या नादास लागू नका. आपणास तो तराजूच नको आहे.